भिंतीला आधी हात लावतो तो रंगारी

पत्र असं आहे:

‘ताई, गावातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं, सत्तरेक वर्षांचं. आई तिथे एकटी असते, मी नोकरीमुळे लांब. घराला रंग द्यायचा आहे. जोत्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत भिंतींचे पोपडे सुटलेत. दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे इतके थर चढलेत की दोन खिडक्या उघडतच नाहीत. तीन रंगारी पाहून गेले. पहिला म्हणाला, चार दिवसांत चकाचक करून देतो. दरही सगळ्यांत कमी. दुसरा लांबच्या नात्यातला, त्याला नाही म्हटलं तर भावकीत वाकडं येणार. तिसऱ्यानं दर सांगितलाच नाही, नुसता भिंती ठोकत फिरला आणि छपराबद्दल विचारत बसला. आईला या तिघांतला एकही नको. तिला वडिलांच्या वेळचा रंगारी हवाय, पण तो आता सत्तरीपार गेलाय, हात थरथरतो. बायको म्हणते, शहरातून कंपनीची माणसं आणू. काम कुणाला द्यावं?’

भाऊ, तिसऱ्याला बोलवा.

त्यानं दर सांगितला नाही हे तुम्हाला खटकलेलं दिसतंय. मला तेच आवडलं. जुन्या घरात रंगाखाली काय निघेल हे बघितल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस एक तर अंदाजपंचे बोलतो, नाहीतर खाली काहीही निघालं तरी त्यावर रंग फासायचं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. तिसरा भिंत ठोकत होता, कारण गिलावा भिंतीपासून सुटला असेल तर बद्द आवाज येतो, घट्ट असेल तर खणखणीत. त्यानं छपराचं विचारलं, कारण वरून गळतंय की खालून चढतंय हे कळल्याशिवाय त्या पोपड्यांचं काय करायचं ते ठरत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, फटका खाऊन सांगतेय. सासऱ्यांच्या जुन्या घरात मी असाच एक ‘चार दिवसवाला’ लावला होता. त्यानं पोपडे वरवर खरवडले, पुट्टीचे दोन हात मारले आणि वरून चकचकीत प्लास्टिक पेंट दिला. पहिले सहा महिने येणारा-जाणारा कौतुक करायचा. दुसरा पावसाळा सरला आणि कोपऱ्यात रंगाला फुगा आला, तळहाताएवढा. बोटानं दाबला तर आतून पाणी आणि पांढरी पूड. महिन्याभरात पुट्टीसकट पापडासारखा तुकडा खाली आला. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘भिंतच खराब आहे, त्याला मी काय करू?’ भिंत खराब होती हे खरंच; ते त्यानं आधी सांगायला हवं होतं, आणि मीही आधी विचारायला हवं होतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे ‘दोन-अडीच फुटांपर्यंत’. जमिनीतली ओल विटांतून आणि दगडांच्या सांध्यांतून वर चढते, ती बहुतेक वेळा मीटरभराच्या आतच थांबते. जुन्या बांधकामात जोत्यापाशी ओल अडवणारा थर सहसा नसतोच. पाण्याबरोबर मातीतले आणि विटेतले क्षार वर येतात, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी राहतात आणि त्यांचे खडे वाढताना रंग ढकलून पाडतात. हाच लोणा. तो कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्यानं धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात आणि सुकताना पुन्हा वर येतात.

आता आईंना एक छोटं काम सांगा. दीड फूट लांब-रुंद जाडसर प्लास्टिक घेऊन ते खालच्या भागात भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीनं नीट बंद करून चिकटवायचं आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवायचं. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे. मग खिडक्या उघडायला हव्यात, आणि त्या तर तुमच्याकडे रंगानं चिकटून बसल्या आहेत!

ओल भिंतीतून येत असेल तर घराला बाहेरून एक फेरी मारा. पन्हळीचं पाणी कुठे पडतं? भिंतीलगतची जमीन वर्षानुवर्षं भर टाकून घरातल्या जमिनीच्या वर तर आली नाही ना? भिंतीला टेकून कोबा केलाय का, ज्यावरून पावसाचं पाणी उडून भिंतीवर जातं? न्हाणीघराचा नळ किंवा सांडपाण्याची मोरी त्याच बाजूला आहे का? निम्म्या घरांची ओल इथेच सापडते, आणि तिला रंगारी लागत नाही, फावडं लागतं.

आणखी एक बघा: मधल्या काळात कुणी खालच्या पट्ट्याला सिमेंटचा गिलावा केलाय का. गवंडी हा उपाय फार आत्मविश्वासानं सांगतात. चुन्याच्या भिंतीला खाली सिमेंटनं बांधलं की पाण्याला तिथून उडून जाता येत नाही, मग ते सिमेंटच्या वर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. ओलीची रेघ आधी दोन फुटांवर असते, ती चार फुटांवर जाते. असं झालं असेल तर ते सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करणं हाच रस्ता आहे. जाड भिंत वाळायला महिने लागतात हेही आधीच मनाशी धरा. या वर्षी वरचा भाग आणि लाकूडकाम करून घेतलं, खालचा पट्टा नुसता चुन्याचा हात देऊन मोकळा सोडला आणि पुढच्या वर्षी बघितला, तर त्यात कमीपणा काहीच नाही. चार लोक विचारतील, ‘खाली असं का सोडलंय?’ विचारू द्या.

आता आईंच्या म्हणण्याकडे येते, कारण मला वाटतं तिघांपेक्षा त्यांनाच घर जास्त कळतं.

त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याचा हात थरथरत असेल, पण तुमच्या भिंतींवर कोणत्या साली काय लागलं हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. जुन्या घराला रंग देताना निम्मी लढाई हीच असते, की खाली काय आहे. चुन्यावर चुना बसतो. चुन्यावर प्लास्टिक पेंट दिला तर तो वर कातडीसारखा राहतो आणि भिंतीचा श्वास कोंडतो. जुन्या डिस्टेंपरवर काहीच धड बसत नाही. हात फिरवला की तळव्याला पूड लागते, ती धुऊन-खरवडून काढावीच लागते. ऑइल पेंटवर पाण्यात कालवायचा रंग न घासता दिला तर नखानं सोलून निघतो. तेव्हा त्या आजोबांना एक सकाळ मानानं बोलवा आणि तिसऱ्या रंगाऱ्याबरोबर घरभर फिरवा. त्या वेळेचा मोबदला द्या, नुसता नमस्कार नको. जमलं तर तयारीचं काम झाल्यावर आणि पहिला हात झाल्यावर अशा दोन वेळा त्यांनाच बघायला बोलवा. आईंचा शब्द राहील, तुम्हाला गावात विश्वासाचा डोळा मिळेल, आणि तिसरा खरंच जाणकार असेल तर त्याला याचा राग येणार नाही. राग आला तर तेही आधीच कळलेलं बरं.

आजोबांना नीट आठवत नसेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून रंगावर जोरात घासा. रंग मऊ पडून कापसाला लागला तर तो प्लास्टिक पेंट. काहीच लागलं नाही तर बहुधा ऑइल पेंट. कपाटामागे किंवा दाराच्या आडोशाला करा, म्हणजे डाग दिसणार नाही.

दारं-खिडक्यांवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथे प्रश्न दिसण्याचा उरत नाही. पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं, त्यानं रंग लवकर वाळायचा आणि जास्त टिकायचा. पिवळ्या, केशरी, लाल छटांत तर हमखास. गजांना लावायचा जुना शेंदरी प्रायमर म्हणजे शिशाचाच शेंदूर. अमेरिकेनं घरगुती रंगातलं शिसं १९७८ साली बंद केलं. भारतात ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून उत्पादकांना लागू झाले. म्हणजे सत्तर वर्षांच्या चौकटीवरच्या खालच्या थरांत शिसं आहे असं धरूनच चाला. घट्ट बसलेल्या रंगात ते गप्प असतं. कोरडा पॉलिश पेपर किंवा घासायचं मशीन चालवलं की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सहा वर्षांखालची मुलं व गरोदर बायका यांना त्याचा धोका सगळ्यांत जास्त.

म्हणून रंगाऱ्याला हे स्पष्ट सांगा: जिथे रंग घट्ट आहे तिथे तो राहू द्यायचा, सगळे थर उतरवायचा अट्टहास नको. जिथे सुटलाय तिथे फवाऱ्यानं ओला करून खरवडायचा, ओल्या पेपरनं घासायचा. खाली प्लास्टिक अंथरायचं आणि रोज संध्याकाळी गुंडाळून बाहेर न्यायचं, झाडूनं धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. नाका-तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क. गळ्यातल्या रुमालानं भागत नाही. गॅसच्या ज्योतीनं रंग जाळून काढायला तर साफ नाही म्हणा. शिशाची वाफ होते, आणि जुन्या कोरड्या लाकडानं पेट घेतला की हातात काही राहत नाही. ते दोन-चार दिवस आईंनी दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी राहावं, नातवंडं तर नकोतच तिथे.

त्या चिकटलेल्या खिडक्या ढकलू नका, काच जाईल. झडप आणि चौकट यांच्या फटीतला रंग पातळ सुरीनं चारी बाजूंनी कापायचा, मग लाकडाचा ठोकळा कडेला धरून हातोडीनं हळूहळू ठोकत यायचं. बिजागऱ्यांवरचा रंगही काढून घ्या. नव्यानं रंगवताना झडपेच्या कडांना पातळ हात द्या आणि तो पुरता वाळेपर्यंत खिडकी बंद करू नका. घाईनं बंद केल्या म्हणून तर त्या चिकटल्या.

नात्यातल्या माणसाचं अवघड आहे, मान्य. पण एक विचार करा: त्याचं काम बिघडलं तर तुम्ही त्याला बोलू शकाल का? नाहीच. काम न देण्याची नाराजी वर्षभर टिकेल, बिघडलेलं काम मात्र रोज भिंतीवर दिसत राहील आणि त्यावर तोंड उघडता येणार नाही. त्याला कुंपणाचं फाटक किंवा मागची खोली असं छोटं, वेगळं काम द्या, वेगळ्या हिशेबानं. तिसऱ्याच्या कामात त्याला घुसवू नका. दोन रंगारी एका भिंतीवर आले की चूक नेहमी दुसऱ्याची असते.

कंपनीच्या माणसांबद्दल बायकोचा मुद्दा बरोबर आहे: हिशेब कागदावर असतो, तारीख पाळतात. पण त्यांची पद्धत नव्या, सिमेंटच्या भिंतींसाठी बसवलेली असते. पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, संपलं. चुन्याच्या भिंतीला ते नेमकं उलटं. शिवाय सहा महिन्यांनी एका कोपऱ्यात काही निघालं तर तेवढ्यासाठी ते इतक्या लांब येणार नाहीत. लहान गावात रंगारी दोन-तीनच असतात, हाच तुमचा फायदा धरा. त्याला त्याच रस्त्यानं रोज जायचं असतं.

पहिल्याचं वेगळं काय सांगू? हवंच असेल तर तिसऱ्याला आणि त्याला एकच प्रश्न विचारा: ‘या खालच्या पट्ट्याचं काय करणार?’ ‘वॉटरप्रूफ मारू, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं की पत्ता कट. आतून वॉटरप्रूफ लावल्यानं पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि मग गिलाव्यासकट दिसतं. दोघांनाही म्हणा, तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर दाखवा. कालचं नको. काल रंगवलेलं घर सगळ्यांचंच छान दिसतं.

व्यवहाराचं. सगळं काम मालासकट उक्तं, म्हणजे एकगठ्ठा ठरलेल्या रकमेत, देऊ नका. उक्त्यात रंगाऱ्याचा फायदा घाईत असतो, आणि जुन्या घराला घाई सोसत नाही. मी असं करते: खरवडणं, घासणं, लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लगदा) भरणं, गिलाव्याची डागडुजी हे रोजावर, कारण ते किती निघेल हे त्यालाही माहीत नसतं. त्यावर कमाल इतके दिवस अशी मर्यादा ठेवायची आणि त्यापुढे जायचं झालं तर आधी फोन. भिंत तयार झाली की प्रत्यक्ष रंगाचं काम चौरस फुटावर, मजुरीनं. माल तुम्ही घ्यायचा.

माल किती लागेल याचा हिशेब स्वतः करून ठेवा. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे साठेक वजा केले की ३८०. दोन हात म्हणजे ७६०. प्लास्टिक पेंटचा एक लिटर एका हाताला साधारण शंभर ते सव्वाशे चौरस फूट जातो, तेव्हा सहा-सात लिटर. भिंत खडबडीत किंवा पिणारी असेल तर आठ. रंगाऱ्यानं याच खोलीला पंधरा सांगितले तर कारण विचारा. चारच सांगितले तरी विचारा, कारण मग तो डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालणार आहे. चुन्याचं गणित निराळं. तो पाणी मारून ओलसर केलेल्या भिंतीवर पातळ, चार-पाच हातांत चढवायचा असतो. पहिल्या हाताला तुम्हाला वाटेल पैसे वाया गेले. वाळल्यावर उजळतो.

उचल मागितली तर थोडी द्या, हातावर पोट असलेला माणूस आहे, पण निम्मी नको. एक हप्ता तयारीचं काम आजोबांनी बघितल्यावर, एक पहिल्या हातानंतर, आणि दहावा हिस्सा डाग काढणं, फरशी साफ करणं, कडी-कोयंडे परत बसवणं झाल्यावर. एका कागदावर लिहा: कोणती खोली, कोणता रंग, किती हात, कशावर काय लावायचं, कचरा कोण उचलणार, शिडी-परांची कुणाची. दोघांच्या सह्या, आणि एक प्रत आईंकडे. लिहिलेलं बघून रंगारी बिचकला तर समजावून सांगा की हे तुमच्या आठवणीसाठी आहे. तुम्ही लांब आहात, रोज विचारायला येणार नाही. ही खरीच गोष्ट आहे.

लांबून लक्ष ठेवायचं तर फोटो मागवा, पण रंग झालेल्या भिंतीचे नकोत. खरवडून झालेल्या, लांबी भरलेल्या, प्रायमर मारलेल्या भिंतीचे मागवा. रंग लागल्यावर खालचं सगळं झाकलं जातं. स्वतः एकदाच जाता येणार असेल तर भिंत अशी तयार होते त्याच दिवशी जा, उद्घाटनाला जाऊ नका.

सुरुवातीला पूर्ण खोली देऊच नका. सगळ्यांत वाईट कोपरा निवडून तीन फूट बाय तीन फूट तुकडा शेवटच्या हातापर्यंत करून घ्या आणि आठवडाभर ठेवा. मग त्यावर धारदार पात्यानं फुलीसारखा छेद द्या, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर खालची तयारी कमी पडली आहे. या चाचणीला रंगारी हसेल. हसू द्या.

हवामानाचं एवढंच: पावसाची झड असताना किंवा हवा फार दमट असताना बाहेरचं काम थांबवायचं, आणि तापलेल्या भिंतीवर रंग द्यायचा नाही, ब्रशखालीच वाळतो. जाणता रंगारी सूर्याच्या मागून घराभोवती फिरतो, सावलीतली भिंत धरत. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर अशी लावलेली असावी, आणि घरावरून वीजेची तार जात असेल तर लोखंडी शिडी नको. जुन्या घरांत तारा हाताला लागतील इतक्या जवळून गेलेल्या असतात. त्या बाजूचं काम असेल तेव्हा वीज बंद करून घ्या.

काम संपल्यावर उरलेला रंग रंगाऱ्याला देऊन टाकू नका. प्रत्येक छटेचा लिटरभर तरी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर खोलीचं नाव, छटेचा क्रमांक, बॅच नंबर आणि महिना-वर्ष लिहा. एका भिंतीला दोन बॅचचे डबे लागणार असतील तर आधीच मोठ्या बादलीत एकत्र कालवून घ्यायला सांगा, नाहीतर मधोमध छटेची रेघ दिसते. आणि एक वही करा: कोणत्या भिंतीवर काय लावलं, खाली काय निघालं, कुठे बद्द आवाज आला. त्या आजोबांना आठवतंय तेही त्याच वहीत आईंकडून लिहून घ्या. त्यांना बोलवाल ती सकाळ फार लांबवू नका.